मोठं खासगी विद्यापीठ: सीट ब्लॉक करण्याआधी आणि ॲडमिशन घेतल्यानंतर

 

सीईटीचा पर्सेंटाइल हातात आला की घरात दोन गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे नातेवाइकांचे फोन, आणि दुसरी म्हणजे विद्यापीठांचे फोन. नातेवाईक निदान एकदाच फोन करतात. विद्यापीठाच्या काउन्सिलरचा फोन मात्र सकाळी येतो, दुपारी येतो, आणि रात्री आठ वाजता व्हॉट्सॲपवर ब्रोशरची पीडीएफ येते.

मागच्या आठवड्यात मला एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. लातूर जिल्ह्यातली मुलगी, ओबीसी, सीईटीला ९१ पर्सेंटाइल. ती म्हणते, "दादा, पुण्यातल्या एका मोठ्या विद्यापीठात कॉम्प्युटर मिळतंय. ते २५ टक्के स्कॉलरशिप देतायत. पण रविवारपर्यंत ५० हजार भरून सीट ब्लॉक करा म्हणतात. कॅपचे राउंड अजून सुरूच व्हायचेत. पप्पा म्हणतात भरून टाकू, सीट गेली तर काय? मी काय करू?"

असे मेसेज मला दर वर्षी जून-जुलैमध्ये येतात. त्यामुळे आजचा भाग यावरच. मोठ्या शहरातल्या मोठ्या खासगी विद्यापीठात फॉर्म कसा भरायचा, पैसे भरण्याआधी काय तपासायचं, आणि आत गेल्यावर तिथून काय मिळवायचं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी स्वतः पुण्यातल्या अशाच एका विद्यापीठातून बीटेक केलंय. त्यामुळे "खासगी विद्यापीठात जाऊच नका" असं सांगायला मी बसलेलो नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की 'विद्यापीठ' या शब्दाला आपण गावाकडे फार मान देतो, आणि त्या मानाच्या भरात चार आकडे बघायचे राहून जातात. ते चार आकडे कोणते, ते आज बघू.

पण त्याआधी शब्दांचा गुंता सोडवू.

पुण्यात इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या संस्था ढोबळमानाने चार प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेज. यातली काही स्वायत्त असतात, म्हणजे ऑटोनॉमस. अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या, पण पदवी पुणे विद्यापीठाची. दुसरा प्रकार, सरकारी विद्यापीठ. उदाहरणार्थ सीओईपी. हे २०२२ पासून स्वतःच एक विद्यापीठ आहे, पण सरकारी आहे आणि तिथले प्रवेश कॅपमधूनच होतात. तिसरा प्रकार, अभिमत विद्यापीठ, म्हणजे डीम्ड. त्यांना १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम ३ खाली दर्जा मिळतो. सिम्बायोसिस, भारती विद्यापीठ ही यातली नावं. आणि चौथा प्रकार, राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं खासगी विद्यापीठ. कोथरूडचं एमआयटी-डब्ल्यूपीयू किंवा कोंढव्याचं विश्वकर्मा विद्यापीठ या प्रकारात येतं. ही दोन्ही २०१७ ची.

गंमत म्हणजे नावं एकसारखी असतात आणि प्रकार वेगळे असतात. 'एमआयटी' म्हटलं की कोथरूडचं खासगी विद्यापीठ, लोणी काळभोरचं एमआयटी एडीटी हे आणखी एक खासगी विद्यापीठ, आणि आळंदीचं एमआयटी अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग हे मात्र पुणे विद्यापीठाशी संलग्न स्वायत्त कॉलेज. 'व्हीआयटी' म्हटलं की बिबवेवाडीचं विश्वकर्मा इन्स्टिट्यूट, तेही संलग्न स्वायत्त कॉलेज. त्याचा आणि तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या व्हीआयटीचा काही संबंध नाही, ते अभिमत विद्यापीठ आहे आणि त्याची परीक्षाही वेगळी. 'डी. वाय. पाटील' म्हणाल तर आकुर्डीतच संलग्न कॉलेजही आहे आणि खासगी विद्यापीठही आहे.

आता तुम्ही म्हणाल, नावाने काय फरक पडतो, पदवी तर सगळीकडे बीटेकच आहे ना? पदवीत फरक पडत नाही, हे खरंच आहे. खासगी विद्यापीठ कायद्याने स्थापन झालेलं असेल आणि यूजीसीच्या यादीत असेल, तर त्याची पदवी नोकरीला, एमपीएससीला, परदेशी शिक्षणाला तितकीच चालते. फरक पडतो तो पैशात. आणि तो छोटा फरक नाही.

संलग्न खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ज्याला आपण एफआरए म्हणतो. २०१५ चा कायदा आहे त्यासाठी. कॉलेजला हवी तेवढी फी लावता येत नाही, आणि मंजूर झालेली फी वेबसाइटवर दिसते. प्रवेश सीईटी सेलच्या कॅपमधून होतात. खासगी आणि अभिमत विद्यापीठं या चौकटीच्या बाहेर आहेत. प्रवेश त्यांचे ते करतात. कुणी सीईटीचे मार्क घेतात, कुणी जेईई मेनचे, कुणी स्वतःची परीक्षा घेतात. सिम्बायोसिसची एसआयटीईईई, वेल्लोरवाल्यांची व्हीआयटीईईई, असं. प्रत्येक फॉर्मचे पैसे वेगळे, हेही बजेटमध्ये धरा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. सरकारची फी सवलत.

राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर खुल्या गटातल्या विद्यार्थ्याला निम्मी ट्यूशन फी परत मिळते. जुलै २०२४ च्या जीआरनुसार, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या मुलींना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. पण दोन अटी आहेत. प्रवेश कॅपमधून झालेला हवा. आणि अभिमत व खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. कॉलेज संलग्न असलं तरी मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे इन्स्टिट्यूट लेव्हलच्या सीटवर प्रवेश घेतला, तरीही हा लाभ मिळत नाही.

शिवाय कॅपमध्ये टीएफडब्ल्यूएस म्हणून ५ टक्के जादा सीट असतात. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि मेरिट लागलं, तर ट्यूशन फी नाही. कुठल्याही प्रवर्गाला चालतं. ऑप्शन फॉर्म भरताना टीएफडब्ल्यूएसचा चॉइस कोड वेगळा असतो. अनेक जण तो टाकतच नाहीत, कारण कुणी सांगितलेलंच नसतं.

आता त्या लातूरच्या मुलीचं गणित मांडू. आकडे समजण्यापुरते घेतोय, तुम्ही तुमचे घालून बघा.

समजा विद्यापीठाची ट्यूशन फी वर्षाला ३ लाख ५० हजार आहे. २५ टक्के स्कॉलरशिप धरली तर २ लाख ६२ हजार ५००. चार वर्षांचे साडेदहा लाख. कॅम्पसमधलं हॉस्टेल आणि मेस वर्षाला दीड लाख धरा, चार वर्षांचे ६ लाख. एकूण साडेसोळा लाख.

दुसरीकडे, कॅपमधून तिला छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्यातच एखादं मध्यम संलग्न कॉलेज मिळालं. ट्यूशन फी माफ. डेव्हलपमेंट फी आणि किरकोळ धरून वर्षाला १५ हजार, चार वर्षांचे ६० हजार. राहणं-खाणं वर्षाला एक लाख, चार वर्षांचे ४ लाख. एकूण ४ लाख ६० हजार.

फरक जवळपास १२ लाखांचा.

हे १२ लाख बँकेकडून १० टक्के व्याजाने घेतले आणि दहा वर्षांत फेडायचे ठरवले, तर महिन्याचा हप्ता साधारण १५ हजार ८०० येतो. वर शिक्षण चालू असतानाचं व्याज वेगळं, कारण शैक्षणिक कर्जात कोर्स अधिक एक वर्ष हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. आता पहिली नोकरी साडेतीन-चार लाखांच्या पॅकेजची लागली, तर हातात महिन्याला २५ ते २८ हजार येतात. त्यातून १६ हजार हप्ता. उरलेल्या दहा-बारा हजारात पुण्यात राहून दाखवा.

मी तिला फोन केला तेव्हा स्पीकरवर तिचे वडीलही होते. हे सगळं सांगून झाल्यावर काका थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मग ते स्कॉलरशिप कशाला म्हणतात त्याला?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. मी ताईला म्हटलं, ऑफर लेटर उघड आणि स्कॉलरशिपच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मोठ्याने वाच. त्यात दोन ओळी निघाल्या. सवलत फक्त ट्यूशन फीवर आहे, आणि पुढच्या वर्षी चालू ठेवायची असेल तर ८ च्या वर सीजीपीए हवा, एकही विषय राहिलेला नको. म्हणजे पहिल्या वर्षी मॅथ्स अडकलं, तर दुसऱ्या वर्षापासून पूर्ण फी. ही सवलत आहे, नक्कीच आहे. पण विद्यापीठाने स्वतःच ठरवलेल्या फीवर स्वतःच दिलेली सवलत आहे. तिची तुलना आधीच्या फीशी करू नका. तुमच्या हातात असलेल्या दुसऱ्या पर्यायाशी करा.

तर पहिला आकडा हा: चार वर्षांचा एकूण खर्च, सवलती वजा करून, राहण्या-खाण्यासकट. एका कागदावर, दोन्ही पर्यायांचा शेजारी शेजारी. आणि विद्यापीठाला ईमेलवर एक प्रश्न विचारा, फी दर वर्षी वाढणार का, आणि किती? फोनवर "नाही नाही सर, फिक्स आहे" म्हणतात. ईमेलवर उत्तर मागा.

दुसरा आकडा: रिफंडची तारीख.

"आजच भरा, उद्या सीट जाईल" असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा घाबरून पैसे भरायची गरज नाही, आणि भरले असतील तर ते बुडाले असंही समजायची गरज नाही. यूजीसीचे फी परताव्याचे नियम आहेत, आणि ते खासगी, अभिमत सगळ्या विद्यापीठांना लागू आहेत. यूजीसी दर वर्षी तारीख जाहीर करते. २०२४-२५ साली ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर फार तर १,००० रुपये कापून बाकी परत, असा नियम होता. तुमच्या वर्षाची तारीख यूजीसीच्या वेबसाइटवर बघा आणि तो पीडीएफ फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. सीट ब्लॉक करायचीच असेल, तर तो पीडीएफ जोडून आधी ईमेल करा: "मी या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर किती रक्कम परत मिळेल?" लेखी उत्तर आलं तरच पैसे भरा. आणि रद्द करतानाही अर्ज ईमेलने करा, तोंडी नको.

दुसरी गोष्ट, मूळ कागदपत्रं. दहावी-बारावीची मार्कलिस्ट, टीसी वगैरे संस्थेने तपासायची आणि परत द्यायची, स्वतःकडे अडकवून ठेवायची नाहीत, हाही यूजीसीचा नियम आहे. "ओरिजिनल जमा करा, मग बघू" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. कारण ओरिजिनल त्यांच्याकडे असताना तुम्ही कॅपमध्ये जाणार कसे? पैसे परत देत नसतील तर यूजीसीचं ई-समाधान पोर्टल आहे, तिथे तक्रार करता येते. प्रत्येक विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी लोकपाल नेमायचा आहे, हा २०२३ चा नियम आहे.

तिसरा आकडा: मध्यक. म्हणजे मीडियन.

रस्त्यावरच्या होर्डिंगवर काय असतं? "हायेस्ट पॅकेज ४४ लाख." खाली हसरा फोटो. आता सात जणांची एक बॅच धरा. त्यांची पॅकेजेस लाखांत अशी: ३, साडेतीन, ३.६, ४, साडेचार, ६ आणि ४४. सर्वांत जास्त ४४. सरासरी काढली तर ९.८. म्हणजे ब्रोशरवर "ॲव्हरेज जवळपास १० लाख" असं छापता येतं, आणि ते खोटंही नाही. पण रांगेत मधोमध उभा असलेला मुलगा, म्हणजे मध्यक, तो ४ लाखांवर आहे. सातपैकी सहा जण १० लाखांच्या आसपाससुद्धा नाहीत. तुम्ही ४४ वाले असाल, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण कर्ज मात्र मध्यकावर काढा.

हा मध्यक कुठे मिळतो? फुकट मिळतो. केंद्र सरकारची एनआयआरएफ रँकिंग आहे ना, तिथे रँक बघून आपण टॅब बंद करतो. रँकच्या शेजारी प्रत्येक संस्थेने भरलेल्या माहितीचा पीडीएफ असतो. त्यात त्या वर्षी किती मुलं वेळेत पास झाली, किती जणांना प्लेसमेंट मिळाली, किती जण पुढे शिकायला गेले, आणि प्लेस झालेल्यांचा मीडियन पगार किती, हे वर्षवार दिलेलं असतं. संस्थांनी स्वतः भरलेली माहिती आहे, हे लक्षात ठेवा. पण होर्डिंगपेक्षा कितीतरी कामाची. तिथे प्लेस झालेल्यांच्या आकड्याला पास झालेल्यांच्या आकड्याने भागा. उरलेली मुलं कुठे गेली, हा प्रश्न काउन्सिलरला विचारा. आणि संस्था एनआयआरएफमध्ये नसेलच, तर मागच्या दोन बॅचची ब्रँचवार यादी मागा.

चौथा आकडा: तुमच्या ब्रँचमध्ये मुलं किती?

२०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या संस्थांसाठी सीटसंख्येची वरची मर्यादा काढली. तेव्हापासून अनेक ठिकाणी कॉम्प्युटरच्या सीट वाढल्यात. कॉम्प्युटर, कॉम्प्युटर विथ एआय, विथ डेटा सायन्स, विथ सायबर सिक्युरिटी, नावं वेगळी, पण प्लेसमेंटला सगळे एकाच रांगेत. म्हणून विचारा: या सगळ्या मिळून डिव्हिजन किती? एका डिव्हिजनला मुलं किती? कायमस्वरूपी शिक्षक किती? एआयसीटीईचा निकष २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. लॅबमध्ये एका मशीनवर किती जण बसतात, हे कॅम्पस टूरमध्ये कुणी सांगणार नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर विचारा, दोन मिनिटांत सगळं सांगतील.

हे चार आकडे घेऊन बसलात, आणि तरीही खासगी विद्यापीठच बरं ठरलं, तर? ठरू शकतं. घरची परिस्थिती बरी आहे, किंवा सवलतीच्या योजनेत तुम्ही बसत नाही, किंवा कॅपमध्ये मिळणारं कॉलेज खरंच ओस पडलेलं आहे, शिक्षक नाहीत, कंपन्या येत नाहीत. अशा वेळी जरूर जा. मोठ्या विद्यापीठात काही गोष्टी खऱ्याच चांगल्या असतात. आणि कर्ज लागणार असेल तर पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केली. केंद्राने ठरवलेल्या दर्जेदार संस्थांच्या यादीत तुमची संस्था असेल, तर तारण आणि जामीनदार न देता कर्ज मिळतं, आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता थांबलेला असतो त्या काळात, व्याजात ३ टक्के सवलत. यादीत नाव आहे का, हे आधी बघा. नेहमीच्या शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांच्या वर गेलात की बँक तारण मागते, आणि तारण म्हणजे आपल्याकडे घर नाहीतर जमीन.

आता आत गेल्यानंतरचं बोलू.

पहिल्या आठवड्यात तुम्हाला दोन धक्के बसतील. एक म्हणजे भाषेचा. वर्गात दिल्ली, इंदूर, पाटणा, नागपूर, दुबईत वाढलेली मुलं, सगळी असतात. बोलणं हिंदी-इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेला मुलगा पहिले दोन महिने मागच्या बाकावर गप्प बसतो, आणि सगळ्यांना वाटतं त्याला काही येत नाही. माझ्या वर्गात डेटा स्ट्रक्चर्स सगळ्यात चांगलं येणारा मुलगा बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला होता. हे आम्हाला कळायला तिसरं सेमिस्टर उजाडलं, कारण तोपर्यंत तो बोललाच नव्हता. उपाय साधा आहे. लॅबमध्ये व्हायव्हा असतो, तिथे तुटक्या इंग्रजीत का होईना पण बोला. चूक झाली तर कुणी लक्षात ठेवत नाही, प्रत्येकाला स्वतःच्याच व्हायव्हाची भीती असते.

दुसरा धक्का म्हणजे, इथे तुमच्याकडे लक्ष द्यायला कुणी नाही. गावाकडच्या ज्युनिअर कॉलेजात सर घरी फोन करायचे. इथे हजारो मुलं आहेत. तुमची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर ईआरपीवर लाल आकडा दिसतो, बस. ईआरपी रोज उघडून बघा. मेडिकलचं प्रमाणपत्र द्यायची मुदत, परीक्षा फॉर्मची मुदत, रिव्हॅल्युएशनची मुदत, सगळं तिथे येतं आणि गुपचूप संपतं. माझ्या एका मित्राचा हॉस्टेलचा डिपॉझिट केवळ अर्जाची तारीख गेली म्हणून आठ महिने अडकला होता. ऑफिसात रोज वेगळी खिडकी दाखवायचे.

राहण्याचं म्हणाल, तर कॅम्पस हॉस्टेल पहिल्या वर्षी घ्या, विशेषतः घरापासून पहिल्यांदाच लांब असाल तर. दुसऱ्या वर्षापासून तिघा-चौघांनी मिळून फ्लॅट किंवा कॉट बेसिसवर जागा बघितली, डबा लावला, तर बराच खर्च वाचतो. पण कॅम्पस शहरात आहे की शहराच्या नावावर आहे, हे आधी नकाशावर बघा. कोथरूडला राहणं वेगळं आणि लवळ्याच्या टेकडीवर किंवा लोणी काळभोरला राहणं वेगळं. पीएमपीची शेवटची बस किती वाजता, हे ब्रोशरमध्ये नसतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. फी भरून तुम्हाला वर्ग आणि पदवी मिळते. बाकीचं जे चांगलं आहे, ते मागून घ्यावं लागतं. लायब्ररीत ऑनलाइन जर्नल्सचं, कोर्सेसचं सबस्क्रिप्शन असतं, त्याचे पैसे तुमच्याच फीतून गेलेले असतात, पण लॉगिन मागायला फार कमी मुलं जातात. रोबोटिक्सची, कोडिंगची, गाड्या बनवणारी टीम असते, तिथे पहिल्या वर्षी काम म्हणजे टेबलं उचलणं, तरी जा. तिसऱ्या वर्षी तीच टीम तुमच्या रेझ्युमेवरची सगळ्यात भक्कम ओळ होते. एखादे प्राध्यापक खरंच संशोधन करत असतात, त्यांच्या केबिनमध्ये जा आणि "सर, मला काम द्या" म्हणा. तुमच्याआधी असं म्हणणारी दोनच मुलं गेलेली असतात.

प्लेसमेंट सेलचे नियम चौथ्या वर्षी नाही, पहिल्याच वर्षी वाचा. बहुतेक ठिकाणी दहावी, बारावी, बीटेक सगळीकडे ६० टक्के, चालू बॅकलॉग नको, आणि एक नोकरी मिळाली की दुसऱ्या कंपनीला बसता येत नाही किंवा काही अटींवरच बसता येतं. हे आधी माहीत असेल तर पहिल्या सेमचा एक राहिलेला विषय तुम्ही सहज घेणार नाही.

आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. आमच्या कंपनीत फ्रेशर्सच्या मुलाखती घ्यायला मलाही बसवतात. मोठ्या विद्यापीठाच्या नावामुळे कंपनी कॅम्पसला येते, हे खरं आहे, आणि तो फायदा आहे. पण खोलीत आल्यावर मी विचारतो, हा प्रोजेक्ट तू केलास का, यातला हा भाग असाच का लिहिलास, दुसऱ्या पद्धतीने केलं असतं तर काय बिघडलं असतं? इथे कॅम्पसच्या काचेच्या इमारतीचा काही उपयोग होत नाही. लहान कॉलेजमधून ऑफ-कॅम्पस अर्ज करून आलेली आणि या प्रश्नांची नीट उत्तरं देणारी मुलं मी बघितलीत, आणि आम्ही त्यांना घेतलंही आहे. त्यांना दारापर्यंत यायला जास्त चालावं लागतं, एवढंच.

म्हणून १२ लाखांचा फरक असेल, तेव्हा स्वतःला विचारा: मी जे १२ लाख जादा देतोय, ते त्या जादा चालण्याची किंमत आहे का? कधी उत्तर 'हो' येईल, कधी 'नाही'. पण आकडे समोर ठेवून आलेलं उत्तर आणि रविवारची डेडलाइन आहे म्हणून दिलेलं उत्तर, यात फरक आहे. पैसे भरणारे आईवडील असतात, आणि हप्ता फेडणारे तुम्ही.

जाता जाता कामाची यादी. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, चालू वर्षाचं नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, या सगळ्यांसाठी बारावी सुरू असतानाच अर्ज करून ठेवा. जून महिन्यात सेतू केंद्रावरची रांग बघितली की कळतं मी का सांगतोय. व्हॅलिडिटी वेळेत आली नाही म्हणून खुल्या गटात ढकलली गेलेली मुलं दर वर्षी असतात. महाडीबीटीवर तुमच्या प्रवर्गाच्या योजना बघा: फीच्या योजनांशिवाय राहण्या-जेवणासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. आणि कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी तिचं नाव महाडीबीटीच्या संस्थांच्या यादीत तुमच्या योजनेखाली दिसतंय का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. काउन्सिलर म्हणाला म्हणून नाही.

हा भाग बारावीतल्या भावंडांना तर पाठवाच, पण त्यांच्या आईवडिलांनाही पाठवा, कारण ते फोन त्यांनाच येतात. तुम्हाला आलेलं ऑफर लेटर वाचून कळत नसेल, तर नाव-नंबर झाकून फोटो पाठवा. पुढच्या भागात कॅपचा ऑप्शन फॉर्म घेऊन बसू, कुठलं कॉलेज वर टाकायचं आणि का. तोपर्यंत, रविवार असला तरी घाई करू नका. भेटू.